आज मठात तीन माणसं

“…आणि हे सगळं कुणासाठी?”

लहानबुवांनी विचारलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावरची नजर न काढता शेंगेचं टरफल बाजूच्या सुपात टाकलं.

निहार गोंधळला. एवढं सगळं दाखवून झाल्यावर माणूस ‘वा’ म्हणतो. निदान ‘बरं’ म्हणतो.

“कुणासाठी म्हणजे… सगळ्यांसाठी, बुवा.”

“हं…”

बुवांनी दुसरी शेंग फोडली.

तिठ्यावरच्या मठाचे लहानबुवा एक्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्या गुरूंना लोक थोरलेबुवा म्हणत. थोरलेबुवा जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी यांचं लहानपण काही संपलं नव्हतं. समोर बसलेला निहार चोविसाचा. पुण्यात वेबसाइट बनवायचा, आणि त्यात नाव होतं त्याचं. दोन बक्षिसं मिळाली होती. मग एका सोमवारी त्यानं नोकरी सोडली, पाठीवर सॅक टाकली आणि इथं येऊन म्हणाला, “बुवा, मला अनुग्रह द्या.”

“काय शोधतोस?” बुवांनी तेव्हा विचारलं होतं. मठाच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारत.

“शांती. म्हणजे… सत्य. म्हणजे खरं सांगायचं तर एक दिशा…”

बराच वेळ बोलला तो. बुवांनी सगळं ऐकून घेतलं.

“वेबसाइट येते म्हणतोस ना? मठाची कर. झाली की बघू.”

त्याला तीन महिने झाले. आणि आता ती झाली होती.

पान उघडलं की घंटा वाजायची. मखमली पडदा दोन्ही बाजूंना सरकायचा. आतून थोरलेबुवांची तसबीर यायची, ती विरली की लहानबुवा. पानभर. मागं उगवता सूर्य. खाली मठाचा दोनशे वर्षांचा इतिहास, मग छायाचित्रं, मग ‘आजचा विचार’, मग समाधीचं घरबसल्या दर्शन. फूल वाहायचीसुद्धा सोय होती. बोटानं ओढलं की फूल जाऊन समाधीवर पडायचं.

“मी एवढा गोरा कधी झालो?” बुवांनी विचारलं.

“थोडा उजेड वाढवलाय.”

स्वयंपाकघरातून द्रौपदाकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. मठाची चूल तीस वर्षं त्यांच्याकडे होती, आणि बुवांना तोंडावर बोलायचा हक्कही.

“बघू, बघू. अगंबाई! बुवा, तुमच्यामागं सूर्य उगवलाय की. आणि तुम्ही तर आठाला उठता.”

बुवा हसले. निहार हसला नाही.

“नऊ दिवसांत चार हजार माणसं येऊन गेली, बुवा. परदेशातूनसुद्धा.”

“चार हजार…”

बुवांनी ओट्याकडे पाहिलं. तिथं एक उंच म्हातारा रस्त्याकडे तोंड करून बसला होता.

“पाव्हण्यांचं कुणी आलं का त्यात?”

“…नाही.”

“मग आलं कोण?”

निहार आकडा पुन्हा बघू लागला.

हा मठ काही मोठा नव्हे. चैत्रातल्या जत्रेला माणूस तिन्ही रस्त्यांनी यायचा. बैलगाड्यांच्या काळापासून जत्रेत चुकलेलं माणूस कुणीतरी हाताला धरून तिठ्यावर आणून सोडायचं, कारण घरी जाणारा कुठल्याही रस्त्यानं गेला तरी तिठ्यावरूनच जायचा. मठाचं काम एवढंच. चुकलेल्याला जेवू घालायचं, रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसवायचं, आणि फाटकाशी लावलेल्या काळ्या पाटीवर लिहायचं की आज मठात कोण आहे. पाटी बुवा स्वतः लिहीत. रोज सकाळी, खडूनं.

आता जत्रा सरली तरी माणसं येत राहायची. कुणी भलत्याच एसटीत बसलेलं असायचं. कुणाला घरच आठवत नसायचं.

हा म्हातारा सव्वीस दिवसांपूर्वी एका एसटीतून उतरला होता. नाव विचारलं की नुसता बघायचा. पोलिसांत कळवून झालं होतं, पण तो कुठून कुठं आला कोण जाणे. द्रौपदाकाकू त्याला पाव्हणं म्हणायच्या, म्हणून सगळेच म्हणायचे.

“त्यांची माहिती आहे ना साइटवर,” निहार म्हणाला. “वर ‘उपक्रम’ आहे. तिथं गेलं की ‘सेवाकार्य’. त्याच्या आत ‘आश्रित’. तिथं दोघांची नोंद आहे.”

“तिघांची,” बुवा म्हणाले.

“काय?”

“मठात तीन माणसं आहेत.”

निहारनं मनात मोजलं. ओट्यावरचा म्हातारा. चुलीशी मेथी निवडत बसलेली, न बोलणारी बाई. दोनच. एक्याऐंशीव्या वर्षी होतं असं, तो मनाशी म्हणाला आणि वाद घातला नाही.

“चौकीवरनं निरोप आलाय,” द्रौपदाकाकू म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. “गुरुवारी दहाला गाडी येतीय पाव्हण्यांना न्यायला. तिकडं लांब, निराधारगृहात घालणार. इथं महिन्याच्या वर ठेवता येत नाही म्हणं.”

“नियम आहे तसा.”

“असू दे नियम. तिथनं कोण कुणाला हुडकतंय, बुवा? आलं तेव्हा दोन भाकरी खायचं हे माणूस. आता अर्धी उरवतंय.”

त्या दिवशी शनिवार होता.

निहारनं लॅपटॉप मिटला. विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

“बुवा… साइट झाली की अनुग्रहाचं बघू म्हणाला होतात.”

“झाली की.”

“झालीय!”

“तुला वाटतंय तसं.”

बुवांनी सूप उचललं आणि टरफलं परड्यात नेऊन टाकली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची घंटा झाली.

निहार हात धुऊन स्वयंपाकघराकडे वळला आणि थबकला.

दारात बुवा बसले होते. उंबऱ्यावर पाट टाकून, मांडी घालून. स्वयंपाकघराचं दार अरुंद, एका वेळी एक माणूस जाईल एवढंच. बुवांनी ते पुरतं भरून टाकलं होतं. गळ्यात झेंडूचा हार. कपाळाला बुक्का. ज्या माणसानं तीन महिन्यांत कुणाला पायाला हात लावू दिला नव्हता, तो डोळे अर्धे मिटून, हात वर करून बसला होता.

“या!” बुवा मोठ्यानं म्हणाले. “जेवायला या! सगळ्यांनी या!”

रस्त्यावरचे दोन ट्रकवाले मठात जेवायला यायचे. ते आले, बुवांना बघून गडबडले, लांबूनच नमस्कार करून उभे राहिले.

“या, या! गरम भाकरी आहे!”

कुणाला कळेना काय करावं. महाराजांना ओलांडून कसं जायचं?

मग ओट्यावरून म्हातारा आला. सावकाश, भिंतीला धरत. त्यानं दाराकडे पाहिलं. हार पाहिला. बुक्का पाहिला. हाराची एक पाकळी खाली पडली होती, ती वाकून उचलली, डोळ्यांना लावली, दोन्ही हात जोडले…

आणि परत गेला.

निहार त्याच्यामागं धावला.

“पाव्हणं! अहो, जेवायचं राहिलं तुमचं!”

म्हाताऱ्यानं दाराकडे बोट केलं.

“तिथं दर्शन चाललंय.”

“नाही हो, जेवणच आहे तिथं. आतमध्ये.”

“माझं तिथं काही नाही,” म्हातारा म्हणाला. सत्तावीस दिवसांत एवढं सलग तो पहिल्यांदाच बोलत होता. “मला भाकरी पायजे होती…”

तो ओट्यावर बसला आणि रस्त्याकडे बघू लागला.

निहार परत आला तेव्हा त्याचे कान तापले होते.

“बुवा, तो माणूस उपाशी गेला!”

“मी तर बोलावत होतो. चांगला मोठ्यानं.”

“पण तुम्ही दारात बसलाय!”

“हो का…”

आतून भाकरीचा वास येत होता. तव्यावर एक करपत होती आणि द्रौपदाकाकू मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हत्या.

बुवांनी डोळे उघडले. थेट निहारकडे पाहिलं.

“मग उचल.”

“…काय?”

“मला. उचल.”

“बुवा, मी तुम्हाला कसं…”

“भाकरी निवतीय.”

निहारनं इकडंतिकडं पाहिलं. ट्रकवाल्यांनी खाली माना घातल्या. तो वाकला. एक हात बुवांच्या पाठीमागं घातला, एक गुडघ्यांखाली, आणि आपल्या गुरूला पाटावरून उचललं. हार तुटला आणि झेंडू घरंगळत स्वयंपाकघरात गेला.

त्यानं बुवांना अंगणात लिंबाच्या सावलीत नेऊन ठेवलं.

“हां,” बुवा म्हणाले आणि कपाळाचा बुक्का धोतरानं पुसला. “आता त्याला बोलव.”

म्हातारा आला. दार मोकळं बघून सरळ आत गेला. त्या दुपारी त्यानं दीड भाकरी खाल्ली.

निहार जेवला नाही. तो लॅपटॉप उघडून बसला होता.

*

तासाभरानं तो लिंबाखाली आला.

“घंटा काढली. पडदा काढला. तुमचा फोटो लहान केला, कोपऱ्यात घेतला. आता बघा.”

बुवांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“हा कोण?”

“तुम्ही.”

“मी हरवलोय?”

“…नाही.”

“मग मी इथं काय करतोय?”

निहार गेला. पुन्हा आला.

“फोटो काढला. इतिहास ठेवलाय, पण थोडक्यात.”

“पाव्हण्यांची मुलगी इतिहास वाचायला येणार?”

“त्यांना मुलगी आहे?”

“मला काय ठाऊक? असली तर.”

“पण बुवा, काही लोकांना खरंच इतिहासात रस असतो…”

“त्यांना चहाला बोलव. मी सांगतो.”

निहार पुन्हा गेला. या वेळी बराच वेळ आला नाही. आला तो चिडूनच आला.

“विचार काढला. दर्शन काढलं. फुलं काढली. तीन महिन्यांचं काम काढून टाकलं मी, बुवा! आता पान कोरं आहे. ठेवू काय त्यावर?”

बुवांनी मान वळवली आणि फाटकाकडे बघत राहिले.

फाटकाशी पाटी होती.

निहार दिवसातून दहा वेळा त्या पाटीवरून जायचा. ती त्यानं कधी वाचली नव्हती. साइटसाठी लागलेली माहिती त्यानं द्रौपदाकाकूंना विचारून घेतली होती : वृद्ध पुरुष, वय अंदाजे पंचाहत्तर. महिला, वय अंदाजे पन्नास. झालं. पाटी, खडू वगैरे त्याला मठाच्या जुनेपणाचा भाग वाटायचा, फोटोत बरा दिसणारा. एक फोटो काढलाही होता. त्यात अक्षरं धूसर ठेवली होती.

तो पाटीपुढं जाऊन उभा राहिला.

आज मठात तीन माणसं.

१. पुरुष. पंचाहत्तरीचा. उंच. नाव सांगत नाही. बसला की दोन्ही हात छातीपुढं धरतो आणि बोटं एकामागून एक हलवतो. काहीतरी वाजवणारा असावा.

२. बाई. पन्नाशीची. बोलत नाही. डाव्या मनगटावर विंचू गोंदलाय. कुणाचंही पोर रडलं की आधी ही उठते.

३. तरुण. चष्मा. सारखा बोलतो. काय शोधतोस विचारलं तर तीन उत्तरं देतो.

निहारनं तिसरी ओळ दोनदा वाचली.

“हे…” तो म्हणाला. “हे कधीपासून आहे?”

“तू आल्यापासनं,” द्रौपदाकाकू मागून म्हणाल्या. त्या पाणी आणायला निघाल्या होत्या. “सगळं गाव वाचतंय. साडेनऊच्या गाडीचा कंडक्टर तर रोज विचारतो, काय हो काकू, तिसऱ्याचं कुणी आलं का म्हणून.”

निहार पाटीपुढून हलला नाही. त्याला राग यायला हवा होता. तो आला नाही. कुणीतरी तीन महिने रोज सकाळी खडू घेऊन आपल्याला लिहीत होतं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

मग तो ओट्यावर जाऊन म्हाताऱ्याशेजारी बसला. पहिल्यांदाच. म्हाताऱ्यानं हात छातीपुढं धरले होते. बोटं हलत होती. पडत, उठत, थांबत… निहार ती बघत बसला. चांगला अर्धा तास. एवढा वेळ एका गोष्टीकडे त्यानं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आत पान तयार झालं.

पांढरं पान. वर एकच ओळ : तुमचं कुणी हरवलंय का?

खाली : आज मठात तीन माणसं. तिघांची वर्णनं, पाटीवर होती तशीच. म्हाताऱ्याचा चेहरा आणि हात. बाईचं गोंदण. तिठ्यावर कसं यायचं ते. मठाचा फोन नंबर, बोट लावलं की लागेल असा.

तिसऱ्याचा फोटो त्यानं टाकला नाही. पण ओळ टाकली.

त्यानं लॅपटॉप बुवांपुढं धरला. बुवांनी वाचलं. ओठ हलवत, शेवटपर्यंत.

मग शेंगांचं सूप त्याच्याकडे सरकवलं.

*

सोमवारी पुण्याहून हर्षलचा फोन आला. हर्षल निहारबरोबर काम करायचा.

“अरे, तुझी साइट हॅक झालीय का? कोरं पान दिसतंय.”

“नाही. मीच केलंय.”

“हे? हे डिझाइन आहे? आणि तो तिसरा कोण, चष्मेवाला? …निहार, तू ठीक आहेस ना?”

“ठीक आहे.”

“एका ओळीत उत्तर? तू नक्की ठीक नाहीयेस.”

त्या दिवशी साइटवर एक्केचाळीस जण आले. मंगळवारी तेवीस. फोन एकही नाही.

निहारला चैन पडेना. तो पान उघडायचा, बघायचा, बंद करायचा. बुवांचा फोटो परत टाकावा का? निदान घंटा?

“बुवा, फक्त तेवीस.”

“एकच हवंय.”

“आणि तो एक आला नाही तर? परवा गाडी येणार आहे.”

बुवा शेंगा सोलत होते. त्यांचा हात क्षणभर थांबला. निहारला तेव्हा दिसलं की त्यांनाही ठाऊक नाही.

“तर आपण त्याला डबा बांधून देऊ,” बुवा हळूच म्हणाले. “दोन भाकरींचा.”

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला मठाचा मोबाइल वाजला. तो द्रौपदाकाकूंच्या कमरेच्या पिशवीत असायचा. त्यांनी तो काढला, दोन शब्द ऐकले आणि निखारा असावा तसा निहारच्या हातात दिला.

“हॅलो?” पलीकडं बाईचा आवाज. “ते… तुम्ही बोटांचं लिहिलंय ना? बोटं हलवतात म्हणून.”

“हो.”

“कशी हलवतात?”

निहार फोन घेऊन ओट्याकडे पळाला. म्हातारा बसला होता.

“डावा हात वर आहे. उजवा खाली. उजवा अंगठा मागं टेकवलाय… कशाला तरी आधार दिल्यासारखा.”

“आणि ओठ?”

“ओठ?”

“ओठ बघा त्यांचे. नीट.”

निहार वाकला.

“खालचा ओठ आत घेतलाय. दातांवर.”

निहारला वाटलं फोन कटला.

“हॅलो? ताई?”

“क्लॅरिनेट आहे ते,” बाई म्हणाली. आवाज फुटला होता आणि त्यातच ती हसत होती. “चाळीस वर्षं बँडात वाजवलंय त्यांनी. फोटो बघून वाटलं होतं, पण किती वाळलेत हो… धीर होईना. माझे वडील आहेत. मी अनसूया. त्यांची मुलगी.”

निहार खाली बसला.

“ताई, तुम्हाला… पान कसं सापडलं?”

“मी रोजच शोधते. ‘हरवलेला माणूस’ लिहिते, जे येईल ते बघते. तुमचं मागंही आलं होतं. आठेक दिवसांपूर्वी, मी एसटी स्टँडवर होते तेव्हा. उघडलं तर घंटा वाजली. पडदा सरकला. कुणी महाराज आले. म्हटलं, नको बाई. देवाला सांगून झालं होतं माझं. बंद केलं.”

निहारनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आज उघडलं तर पहिलीच ओळ होती. तुमचं कुणी हरवलंय का? मी फोनलाच म्हटलं, हो.”

निहारला काहीतरी बोलायचं होतं. ती घंटा मीच बसवली होती, असं काहीतरी.

“तुम्ही या,” तो म्हणाला. “उद्या दहाच्या आत या.”

*

ती आठलाच आली. रात्रभर एसटी बदलत. हातात एक लांबट काळी पेटी.

म्हातारा ओट्यावर होता. अनसूया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“अण्णा.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

निहारला बघवेना.

अनसूया खाली बसली, पेटी उघडली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

म्हाताऱ्याची बोटं थांबली.

अठ्ठावीस… तीस… एकतीस दिवसांत ओट्यावर बसल्यावर ती कधी थांबली नव्हती. मग हात पेटीत गेले. एक तुकडा उचलला, दुसऱ्यात बसवला, फिरवला. तिसरा. चेहऱ्याला काही ठाऊक नव्हतं, पण हातांना सगळं ठाऊक होतं. तोंडाकडचा भाग जिभेनं ओला केला. खालचा ओठ आत घेतला.

पहिला सूर भयंकर निघाला. लिंबावरचे कावळे उडाले.

दुसरा जरा बरा.

आणि मग वरातीची चाल… अडखळत, पण तीच, जिच्यावर अख्ख्या महाराष्ट्रानं कधी ना कधी घाम गाळलाय. स्वयंपाकघरातून न बोलणारी बाई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि दारात उभी राहिली. द्रौपदाकाकूंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचा एक पाय नकळत ठेका धरत होता.

चाल संपली. म्हाताऱ्यानं क्लॅरिनेट उलटंपालटं करून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या.

“अनू,” तो म्हणाला. “ह्याला कुणी हात लावला होता?”

“नाही हो अण्णा!” अनसूया रडत म्हणाली. “कुण्णी नाही.”

“खोटं बोलू नको. सैल झालंय.”

द्रौपदाकाकू मोठ्यानं हसल्या, आणि निहारही हसला.

चौकीची जीप दहाऐवजी सव्वानऊलाच आली. हवालदारांनी अनसूयाकडचे कागद पाहिले, म्हाताऱ्याकडे पाहिलं, सही घेतली, चहा घेतला.

“बरं झालं,” ते टोपी काढून म्हणाले. “मला हे काम आवडत नाही हो.” आणि रिकामी जीप घेऊन गेले.

निघताना अनसूया अंगणात इकडंतिकडं बघू लागली. लिंबाखाली एक बारीकसे आजोबा सूप घेऊन शेंगा सोलत बसले होते. ती त्यांच्याजवळ गेली.

“बाबा, इथले महाराज कुठं भेटतील? पाया पडायचं होतं.”

निहारनं तोंड उघडलं.

बुवांनी त्याच्या हातावर चार शेंगदाणे ठेवले.

“असतील इकडंतिकडं,” ते अनसूयाला म्हणाले. “साडेनऊची गाडी चुकेल तुमची. ह्यांना खिडकीशी बसवा.”

गाडी आली. कंडक्टरनं म्हाताऱ्याला हात देऊन वर घेतलं. दोन भाकरींचा डबा द्रौपदाकाकूंनी खिडकीतून आत दिला. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत क्लॅरिनेट ऐकू येत होतं.

मग तिठा पुन्हा शांत झाला.

निहार ओलं फडकं घेऊन पाटीपाशी गेला. पहिली ओळ पुसली. सावकाश, काना न् मात्रा. वर ‘तीन’ होतं, तिथं ‘दोन’ लिहिलं. मग खिशातला मोबाइल काढून पानावरही तेच केलं.

अनुग्रहाचं विचारायचं होतं, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

मागून बुवा आले. त्यांनी त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि खालची ओळ पुसून टाकली. तरुण. चष्मा. सारखा बोलतो. सगळं. मग वरचं ‘दोन’ पुसलं आणि खडूनं ‘एक’ लिहिलं.

निहार बघत राहिला.

“बुवा… मी कुठं गेलो? मी तर इथंच आहे.”

बुवांनी हाताला लागलेला खडू झटकला.

“हो,” ते म्हणाले. “आता आहेस.”